चांदीचा पाय

बायकोला, क्रिसान्थीला, जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा मानुसोसने मागच्या खोलीतून सायकल बाहेर काढली. टायर पार बसले होते. त्याने हवा भरली, चेनला तेल घातलं आणि मागे तिचीच पिशवी अडकवून तीत मोजकं सामान टाकलं. पाणी, पंक्चरचं साहित्य, थोडे खारवलेले ऑलिव्ह, कडक पाव, आणि रुमालात गुंडाळलेला चांदीचा पाय.

पाय तळहातावर मावेल एवढाच होता. पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला, वर लाल फीत. त्यांच्याकडे क्रीट बेटावर बायका असले पत्रे नवसाला बोलतात. डोळ्यांचं दुखणं असेल तर डोळे, मूल हवं असेल तर तान्हं बाळ. नवस फेडताना पत्रा चर्चमधल्या संताच्या तसबिरीखाली टांगायचा. क्रिसान्थीने हॉस्पिटलात उशीखालून तो काढून त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "हा आपल्या चर्चमध्ये टांग. माझ्याच्याने आता व्हायचं नाही."

तो हो म्हणाला. आपलं चर्च म्हणजे कुठलं, हे त्याने विचारलं नाही. तिला बोलताना धाप लागत होती, आणि आपल्याला ते ठाऊक नाही हे सांगायची त्याला लाज वाटली. उद्या विचारू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती बोलत नव्हती.

शिवाय पायच का, तेही त्याला कळत नव्हतं. तिचा आजार रक्ताचा. सोनाराने चुकून भलताच पत्रा बांधून दिला असेल, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

दर वसंतात दोघं या किनाऱ्याने सायकलवर जायची. समुद्रापासून रस्ता जो चढायला लागतो तो थेट खिंडीपर्यंत, आणि मग पलीकडच्या खाडीत उतरतो. क्रिसान्थी पुढे, तो मागे. तिला रस्ता ठाऊक होता, त्याला तिचं मागचं चाक. वाटेत वळणावळणावर खोलीएवढी पांढरी चर्चं. ती थांबायची, पिशवीतून निळ्या फुलांचा स्कर्ट काढून कमरेला गुंडाळायची आणि आत जायची. तो दोन्ही सायकली धरून बाहेर उभा. अर्ध्या चड्डीत चर्चमध्ये शिरायचं नसतं, आणि याची तर सायकलची घट्ट काळी चड्डी. एक पँट बरोबर घे, असं ती एकदा म्हणाली होती. त्यावर हा म्हणाला होता की देव मला चड्डीतही ओळखतो. खरं तर आत जावं लागत नाही हे त्याला बरंच वाटायचं. त्यामुळे इतक्या वर्षांनी त्याला सगळ्या चर्चांच्या बाहेरच्या भिंती पाठ होत्या. आत काय आहे ते एकाचंही माहीत नव्हतं.

निघताना कॉफीच्या दुकानातल्या स्ट्रातिसने हटकलंच. पुढे आता तिचं चाक नाही, बघ, समुद्रात जाशील, म्हणाला. मानुसोस हसला आणि पहिल्याच फाट्यावर चुकला. रस्ता बकऱ्यांच्या कोंडवाड्यात जाऊन संपला. बकऱ्या त्याच्याकडे बघत राहिल्या, तो बकऱ्यांकडे. मग सायकल वळवून मागे आला.

पहिलं चर्च संत पारास्केवीचं. ते कलिरोईच्या घराण्याकडे होतं. संध्याकाळचा दिवा, चुना, झाडलोट, सगळं तिच्याकडे. ती पायरीवर बसून वाती वळत होती. मानुसोसने तिला क्रिसान्थीचं सांगितलं. तिने छातीवर क्रूस काढला. मग त्याने विचारलं, ती इथेच दिवा लावायची का?

"दिवा?" कलिरोई म्हणाली. "छे रे. ती त्या खिडकीत उभी राहायची. मी म्हटलं, बाई, काय बघतेस? तर म्हणाली, त्याचा गुडघा. विसावून तो आपणहून वाकवून बघायला लागला की निघायचं."

"ती प्रार्थनेला थांबायची," मानुसोस म्हणाला.

"असं तू समजायचास. थांब म्हटलं तर तुला राग येतो म्हणे."

राग यायचा, हे खरं होतं. मागे एकदा खडीवरून घसरून त्याचा गुडघा मोडला होता आणि डॉक्टरने सायकल विकून टाक म्हणून सांगितलं होतं. त्याने विकली नाही. पुढच्या वसंतात तो पुन्हा चढ चढला आणि कॉफीच्या दुकानात सांगत सुटला की, मी काय, थेट खिंडीपर्यंत जाईन, पण बायको देवभोळी, दर वळणावर थांबवते.

दुसरं चर्च संत फानुरिओसचं. तिथला म्हातारा आंदोनिस मधमाश्यांच्या पेट्यांजवळ होता. त्यानेही तेच सांगितलं. ती आत बाकावर बसून अंजीर खायची आणि दाराच्या फटीतून बाहेर बघायची.

"हा हरवलेलं शोधून देणारा संत आहे, गड्या," आंदोनिस म्हणाला. "पण बायकोने नवऱ्याला कुठे कुठे गुंडाळलं, ते तो सांगत नाही. तोही पुरुषच पडला."

मानुसोसला हसू आलं नाही. पुढच्या वळणावर तो कठड्यावर बसला. खाली समुद्र नुसता चकाकत होता. त्याला तिचा राग आला, मग रागाचीच लाज वाटली. सगळे थांबे जर सबबी होत्या, तर आपलं चर्च कुठून आणायचं? की असं काही नव्हतंच, आणि शेवटी शेवटी तापात ती काहीतरी बोलून गेली? मागे फिरून आंदोनिसच्या चर्चमधल्या तसबिरीखाली पत्रा टांगावा आणि मोकळं व्हावं, असंही वाटलं. तो उठला, सायकल मागे वळवली, पुन्हा पुढे वळवली. शेवटी खिंड जवळ होती म्हणून तो खिंडीकडे गेला.

पलीकडे उतार लागला. सायकल आपोआप धावायला लागली. आणि तिसऱ्या का चौथ्या वळणावर त्याचे हात आपणहून ब्रेकवर गेले. तो थांबला तेव्हा त्याला कळेना, आपण का थांबलो.

रस्त्याच्या खाली मारिया मातेचं चर्च होतं. इथे तो दरवर्षी कुरकुर करायचा. एवढा चढ चढून मिळालेला उतार, आणि ही बाई मध्येच ब्रेक लावते! उतारावर कोण थांबतं?

तो सायकल धरून तसाच उभा राहिला. उतारावर गुडघ्याला विश्रांती लागत नाही. उतारावर कुणीच दमत नाही.

तिथली पेलागिया म्हातारी अंगणात ओव्याच्या वासाचा कसलासा पाला वाळवत होती. त्याने रुमाल सोडून पाय दाखवला. तिने तो ओळखला.

"म्हणजे ती गेली," ती म्हणाली.

आत खिडकी आहे का, एवढंच त्याने विचारलं. पेलागिया म्हणाली, नाही, नुसतं दार. ती आत जाऊन दार लोटून घ्यायची. त्याचा पाय मोडला त्या साली ती बसने एकटी आली होती आणि नवस बोलली होती, की तो पुन्हा सायकल चालवू दे, चांदीचा पाय टांगीन. पुढच्या वर्षी दोघं आली. पाय पिशवीत होता.

"मग टांगला का नाही?"

"मी तेच म्हणायची. म्हटलं, पोरी, चालवतोय ना तो? फेड आणि मोकळी हो. तर म्हणायची, फेडला की संपलं, मावशी. पुढच्या वर्षी टांगते. दरवर्षी पाय दाखवायची आणि परत न्यायची. देवाला असं झुलवलेलं मी दुसरं कुणी पाहिलं नाही."

"आता मी टांगला तर? माझा पाय थांबेल?"

"मला काय विचारतोस?" पेलागिया म्हणाली. "पाय तुझा आहे."

तो दाराकडे निघाला तशी तिने काठी आडवी धरली. या चड्डीवर आत जायचं नाही. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. तरी त्याने पिशवी उपसली, तर तळाच्या कप्प्यात निळ्या फुलांचा स्कर्ट निघाला. घडी तिनेच घातलेली. तिच्यामागे त्या कप्प्यात कुणी हातच घातला नव्हता. त्याने तो कमरेला गुंडाळला. गाठ कुठल्या बाजूला येते ते जमेना, तेव्हा पेलागियाने मारून दिली आणि मग दाराला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"क्रिसान्थीला शोभायचा," ती म्हणाली.

आत अंधार होता आणि गार होतं. तसबिरीखाली दोरीला हात, डोळे, बाळं लटकत होती. बाहेर भिंतीला टेकवलेली सायकल धाडकन पडली. आज ती धरायला कुणी नव्हतं. तो वळला नाही. चाचपडत खिळा सापडला, लाल फीत अडकवली. प्रार्थना त्याला येत नव्हती.

"लावला," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "चालवीन."

खाली उतरताना स्कर्ट वाऱ्यावर फडफडत होता. तो सोडायचा राहून गेला, हे त्याच्या लक्षात आलं ते खालच्या फाट्यावर. डावीकडचा रस्ता की उजवीकडचा? ती कुठे वळायची? काही केल्या आठवेना. दोन्ही रस्ते समुद्राकडेच जात होते.

एक पाय जमिनीवर टेकून तो विचार करत राहिला. मग त्याचं खाली लक्ष गेलं. दुसरा पाय उचलून तो मघापासून गुडघा वाकवून बघत होता.

म्हणजे निघायला हवं होतं. तो निघाला.