करड्या लोकरीचा बोळा

साक्षीला जायचं म्हणून रादोयकाने एकावर एक तीन स्वेटर चढवले, वर कोट घातला, तरी तिचे दात वाजायचे थांबेनात. बाहेर कोशावा सुटला होता. बानात प्रांताच्या सपाटीवर हा वारा एकदा सुटला की तीन दिवस वाहतो, नाहीतर सात, नाहीतर एकवीस. आजचा चौथा, म्हणजे सात तर नक्कीच. पण दात वाजत होते ते वाऱ्याने नव्हे. अकरा महिने पोटात ठेवलेली गोष्ट आज न्यायालयात उभं राहून पुन्हा पोटातच ठेवायची होती.

गोष्ट तशी एका वाक्याची. ल्युबिंकाच्या मागच्या खोलीतलं भिंतीचं भोक रादोयकाने बुजवलं होतं.

ल्युबिंका बावीस वर्षं गावातली तान्ही मुलं सांभाळत होती. आया कामावर गेल्या की पोरं तिच्याकडे. तिच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकेका मुलाची उंची आणि शेजारी नाव. अशी एक्केचाळीस नावं. रादोयकाच्या नातवाचं, रेल्याचं, नाव त्यात नव्हतं, कारण आठ महिन्यांचं पोर अजून उभं राहत नव्हतं. मुलं निजायची ती मागच्या खोलीत, आणि तिथे कोळशाची मोठी शेगडी होती. धुराडी साफ करणाऱ्या माणसाने गेल्याच्या गेल्या वर्षी भिंतीला तळहाताएवढं भोक पाडलं, शेगडीला हवा लागते म्हणाला, ‘हे कधीही बंद करू नये’ असा कागद शेजारी चिकटवला आणि ल्युबिंकाची सही घेऊन गेला. हिवाळ्याच्या तोंडावर धडधाकट भिंतीला भोक पाडणाऱ्या माणसाविषयी गावाचं मत काय झालं असेल, ते सांगायला नको.

कारण या गावातली माणसं युद्धातून परत येतात, पन्नास वर्षं आलुबुखारची दारू पचवतात, नगरपालिकेचं पाणीही पितात, पण मानेला वारं लागलं की माणूस संपला, याविषयी कुणाच्या मनात शंका नाही, डॉक्टरांच्यासुद्धा. समोरासमोरचं दार-खिडकी एकदम उघडं राहिलं की जी झुळूक आरपार जाते, तिला इथे प्रोमाया म्हणतात आणि ते नावही जरा दबकूनच घेतात. कानदुखी, दातदुखी, तोंड वाकडं होणं, मूल न होणं, सगळं तिच्या खात्यावर.

मागच्या डिसेंबरात असाच कोशावा होता. रादोयका रोजच्यासारखी बाजारातून दहा वाजता ल्युबिंकाकडे डोकावली. ल्युबिंका अंगणात कुंपणाला गुंडाळलेली गोठलेली चादर सोडवत होती. “बघून येते गं,” म्हणून रादोयका आत गेली. खोलीत एकटा रेल्या झोपला होता. भोकातून वारा शीळ घालत थेट त्याच्या कपाळावर येत होता. तिने भोकासमोर हात धरून पाहिला, बर्फ. पिशवीत नवऱ्याच्या जुन्या करड्या स्वेटरची बाही होती. नवरा वारल्यावर ती तो स्वेटर उसवून नातवाला मोजे विणत होती. तिने बाही मधोमध पिळली, दुमडली, दोन्ही टोकं आत खोचली आणि तो बोळा अंगठ्याने भोकात दाबून बसवला. शीळ थांबली. पोराने झोपेत ओठ हलवले. तिला बरं वाटलं, खूप बरं वाटलं. हे बरं वाटणंच पुढे तिला सगळ्यात जास्त आठवत राहिलं. जाताना ती ल्युबिंकाला म्हणाली, “झोपलाय.” ल्युबिंका साडेबाराला त्याला सूप भरवायला उठवायला गेली.

कोळशाच्या वायूला वास नसतो, हे रादोयकाला तिसऱ्या दिवशी, दफनानंतर कळलं. आणि भोकात बोळा होता म्हणून तो वायू खोलीत साठला, हेही. तेव्हा सांगायचं होतं. पण तेव्हाच अंगणात नेबोयशा, तिचा एकुलता एक मुलगा, रेल्याचा बाप, सगळ्यांसमोर म्हणाला होता की ज्याने ते भोक बंद केलं त्याचे हात मी मुळापासून मोडीन. नेबोयशा या नावाचा अर्थ ‘भिऊ नकोस’. नाव नवऱ्याने ठेवलं होतं. भिण्याचं काम तेव्हापासून तिच्याकडे होतं.

पोलिसांना तिने सांगितलं की आपण दारातूनच पाहिलं. कुणी जास्त विचारलं नाही. आजीला काय विचारणार? घरी येऊन तिने उरलेला स्वेटर, अर्धा मोजा, सुया, सगळं चुलीत घातलं. सुया जळल्या नाहीत.

न्यायालयात जागा पकडायला गाव आठ वाजल्यापासून आलं होतं. तीसेक बाया होत्या. धुराडंवाल्याने बहुतेकींच्या घरी असं भोक पाडलं होतं. ज्यांच्या घरचं असं भोक बुजवलेलं नव्हतं अशा त्यांत फार तर दोघी निघाल्या असत्या, आणि त्या दोघींकडे विजेची शेगडी होती. पण सगळ्या ल्युबिंकाकडे अशा बघत होत्या, जणू हवेशीर घरांतच जन्मल्या. शेजारीण पेर्सा तेवढी खरं बोलली, तेही रादोयकाच्या कानात आणि मूठभर सूर्यफुलाच्या बिया सोलता सोलता.

“उघडं ठेवलं असतं तर आपणच म्हटलं असतं, पोर गारठवलं. बंद केलं तर तुरुंग. बाईने करावं काय, सांग ना?”

पेर्साने बिया पुढे केल्या, रादोयकाने घेतल्या आणि तशाच मुठीत धरून ठेवल्या.

आरोपीच्या बाकावर ल्युबिंका लहान दिसत होती. तिने तीनदा जबाब दिला होता आणि तीनदा वेगळा. पहिल्यांदा म्हणाली, मी बोळा घातला नाही. दुसऱ्यांदा, आठवत नाही. तिसऱ्यांदा म्हणाली की मीच घातला असेल, एवढा वारा होता, मी घालणारच की. आणि तिच्या तरण्या वकिलाने कपाळाला हात लावला. त्या दिवशी रादोयकाला रात्रीपर्यंत हायसं वाटत राहिलं. आता शेजारच्या बाकावर नेबोयशा आणि त्याची बायको दुन्या बसली होती. दुन्या अकरा महिन्यांत सासूशी सरळ बोलली ती कामापुरती, पण परवा आपणहून म्हणाली होती, “आई, वर्षश्राद्धाला वाटायचे गहू तुम्ही शिजवा. मला नाही जमायचं.” या एका वाक्यासाठी रादोयका काय वाटेल ते करायला तयार होती. ल्युबिंकाला सहा वर्षं मागणार, असं सरकारी वकील पायऱ्यांवरच बोलून गेला होता. एका पारड्यात सहा वर्षं, दुसऱ्यात शिजवलेले गहू. ती सकाळपासून तोलत होती, आणि दर वेळी आपलंच पारडं खाली जात होतं.

नाव पुकारलं गेलं. साक्षीदाराची जागा नेमकी खिडकीशी होती. न्यायाधीशबाईंनी गळ्याला लोकरी रुमाल गुंडाळला होता. त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला निकालात सोबतीला बसवलेले दोन पंच, एक जनावरांचा निवृत्त डॉक्टर आणि एक फुलवाली. बाईंनी वाचून दाखवलं की खोटं सांगणं गुन्हा आहे, आणि ज्या उत्तराने तुम्ही स्वतः अडचणीत याल ते द्यायचं तुमच्यावर बंधन नाही. हे त्या सकाळपासून प्रत्येकाला सांगत होत्या, धुराडंवाल्यालाही सांगितलं होतं. रादोयकाला वाटलं, हे आजच, आपल्यासाठीच लिहून आणलंय. तिच्या पाठीवरून घामाचा थेंब तीन स्वेटरांखालून सावकाश खाली गेला.

सरकारी वकील तिच्याशी मऊ बोलला. रोज जायचात का? जायचे. त्या दिवशी किती वाजता? दहा. आत गेलात? दारातून पाहिलं. भोक उघडं होतं की बंद? दारातून दिसत नाही. एकेक उत्तर ती घरी पाठ करून आली होती आणि एकेक जागच्या जागी बसत होतं. टेबलावर पारदर्शक पिशवीत बोळा होता, गावात घरोघर असते तसल्या करड्या लोकरीचा. जसा भोकातून काढला तसाच, पिळलेला, टोकं आत. ती त्याच्याकडे बघत नव्हती. खिडकीच्या फटीतून वारा आत येत होता आणि नेमका तिच्या कानामागे लागत होता.

मग वकिलाने एक प्रश्न विचारला जो तिने पाठ केला नव्हता. रेल्या त्या वेळी कसा झोपला होता?

“कुशीवर,” ती म्हणाली. “हात असे उशाला.” आणि तिला तो ओठ हलवताना दिसला. दारातून ओठ दिसले नसते. कुणाच्या हे लक्षात आलं का, म्हणून ती वर बघायला घाबरली. फुलवालीने डोळे पुसले. वकिलाने कागद उलटला. शांततेत फटीतली शीळ मोठी झाली.

त्या क्षणी रादोयकाच्या हातांनी काय केलं ते तिला कळलं नाही. बोलताना, भिताना, रडताना हे हात आयुष्यभर जे करत आले तेच त्यांनी केलं. त्यांनी मुठीतल्या बिया टाकल्या, बाहीतून हातरुमाल काढला, मधोमध पिळला, दुमडला, दोन्ही टोकं आत खोचली आणि अंगठ्याने फटीत दाबून बसवला. शीळ थांबली. जनावरांच्या डॉक्टरने कॉलर खाली केली. न्यायाधीशबाईंनीसुद्धा, आभार मानावेत तशी, मान किंचित हलवली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. कुठलाही शहाणा माणूस हेच करतो.

एका माणसाने मात्र पाहिलं. ल्युबिंकाने रुमालाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पिशवीकडे, मग पुन्हा रुमालाकडे. टोकं आत. तिचं तोंड उघडलं. रादोयकाला वाटलं, संपलं. आता ही ओरडेल, आता नेबोयशा उठेल.

ल्युबिंकाने तोंड मिटलं. मग ती मान खाली घालून आपल्या नखांकडे बघत बसली.

ती का गप्प राहिली, याची चर्चा सगळं कळल्यावर गाव पुष्कळ दिवस करत होतं. कुणी म्हणालं, चांगुलपणा; कुणी म्हणालं, बाईला स्वतःच्या डोळ्यांवरच भरवसा उरला नव्हता. रादोयकाला एवढंच कळलं की भीती अजून तिथेच होती, पण त्या भीतीने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. आतापर्यंत ती कुणीतरी बोलेल म्हणून भीत होती. आता कुणीही बोलणार नव्हतं. घरी जाता येणार होतं. गहू शिजवता येणार होते. दुन्या ते खाणार होती, तिच्या हातचे, वर्षानुवर्षं.

“आणखी काही सांगायचंय तुम्हाला?” न्यायाधीशबाईंनी विचारलं. हेही त्या सगळ्यांना विचारत. “नसेल तर बसा.”

रादोयका बसली नाही. तिने खिडकीच्या चौकटीला धरलं.

“आत गेले होते मी,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की टंकलेखक बाईने मान पुढे केली. “वारा त्याच्या डोक्यावर येत होता. त्याला वारं लागेल म्हणून मी बोळा घातला. असा.” आणि तिने फटीतल्या रुमालाकडे बोट दाखवलं.

न्यायाधीशबाईंनी आधी हलक्या आवाजात, मग पुन्हा मोठ्याने सांगितलं की तुमच्यावर बंधन नाही, तुम्हाला समजतंय का, वकील मिळेल. रादोयका म्हणाली, समजतंय. मग बाईंनी शिपायाला तो रुमाल जसाच्या तसा काढून पिशवीत घालायला सांगितलं. शिपायाने दोन बोटांनी रुमाल ओढला तसा कोशावा शीळ घालत आत आला.

ल्युबिंका आता रडत होती. “मला वाटत होतं मीच,” ती वकिलाला नाही, कुणालाच नाही, असं सांगत होती. “अकरा महिने मला वाटत होतं, मीच.”

रादोयकाने मुलाच्या बाकाकडे बघायला सगळा धीर गोळा केला. दुन्या समोर बघत होती, भिंतीकडे. नेबोयशा उठला होता. तो आपल्याकडे येईल म्हणून रादोयकाने दोन्ही हात पुढे केले, पालथे, मोडायला द्यावेत तसे. पण त्याने बायकोच्या दंडाला धरलं, तिला उठवलं आणि दोघं मधल्या वाटेने दरवाजाकडे गेली. बाहेर पडताना त्याने दार लावलं नाही.

खिडकीच्या फटीपासून उघड्या दारापर्यंत वारा सरळ आरपार वाहू लागला. कागद उडाले, बायांचे केस उडाले, बाईंच्या गळ्यातल्या रुमालाचं टोक उडालं. तीस बाया, दोन पंच, एक शिपाई. दार लावा, असं कुणी म्हटलं नाही.