दोन कुलपांचं फाटक

मी फाटक बोलतंय. पण मला नुसतं फाटक म्हणू नका. मी दोन राष्ट्रांची सरहद्द आहे.

माझ्या आत दीड गुंठ्याचं श्री बोरनाथ संस्थान. देव एक, महाराज एक, बाकी प्रजा म्हणजे कुत्री. बाहेर चारी बाजूंनी निवृत्त सुभेदार लालासाहेबांचा ऊस. संस्थानाला पाणी, वीज, वाट सगळं उसातून यायचं आणि संस्थानाकडून उसाला अंगारा जायचा. व्यवहार सुरळीत होता.

कडेगावच्या वेल्डिंगच्या दुकानातून मला आणलं ते मोकाट गुरं अडवायला. तेव्हा मला कुलूपही नव्हतं. मग एका भंडाऱ्यात मानाचं पहिलं पान लालासाहेबांऐवजी साखर कारखान्याच्या संचालकापुढं पडलं. सुभेदार भरल्या पंगतीतून उठले आणि माझ्यावर बाहेरून कुलूप घातलं. महाराजांनी लगेच आतून दुसरं घातलं. तेव्हापासून महाराज धोतर सावरत कुंपणावरून उड्या मारतात, पण आपलं कुलूप काढत नाहीत.

अडली ती रंगूबाई, लालासाहेबांची आई. देवापुढं दिवा लावल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे.

"लाला, वाईच उगड की रं."

"आई, ऑर्डर म्हंजी ऑर्डर. आदी त्येंनी खोलावं."

आतून महाराजही तेच म्हणाले, "आदी त्यांनी."

खंडेनवमीला आमच्याकडे घरचं सगळं लोखंड पुजतात. विळा, नांगर, ट्रॅक्टर झाल्यावर रंगूबाई माझ्याकडे आली. मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. "आतल्या देवाला एवढं पोचीव बाबा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खुरपणीला निघालेल्या बायका माळ बघून थबकल्या आणि पाया पडल्या. दिवाळीपर्यंत मी नवसाला पावायला लागलं. गर्दी वाढली तशी दोन्ही राष्ट्रं बोलणी करायला बसली. माझ्या दांडीवरून चहाचे कप इकडून तिकडे गेले. तह ठरला: नारळ निम्मे-निम्मे, आरतीचा पहिला मान सुभेदारांचा, आणि फाटक आता जागृत असल्यामुळे ते कधीही उघडायचं नाही. मला भयंकर राग आला, पण देवाच्या रागाला विचारतो कोण?

परवा रंगूबाई रांगेतून माझ्यापुढं आली. माझ्या गजांवर कपाळ टेकून म्हणाली, "मला तुजं काय बी नगं. त्या आतल्याला बघायचं हाय. तेवढं उगड."

एवढ्या नवसांत मला पुरं करता येण्याजोगं हे एकच मागणं होतं. पण दोन कुलपं अंगावर असताना मी काहीच करू शकलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारे, आवर लवकर!"

ती अजून रोज येते. तुम्ही येणार असाल तर नारळ आणू नका. लोखंड कापायची करवत आणा. आणि म्हातारी आहे तोवर या.