जड बाजू

चतुर्थीच्या आदल्या दिवशी धनेश मुंबईहून आला आणि आल्या आल्या स्टुलावर चढला. गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची माटवी घरच्या मुलग्यानेच बांधायची, ही रीत. वर्षभर या घरात कुणाचे हात राबतात, हे रीतीला कोण सांगणार! नारळ, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, केळ्यांचा घड, हाताला येईल ते सगळं जड सामान त्याने एकाच बाजूला बांधलं आणि दमलो म्हणून चहा मागितला.

"आत्या, माटवी लॉपसायडेड झालीय," त्याची लेक रिया म्हणाली. "हा शब्द आला कुठून गं?"

धनेशची थोरली बहीण अस्मिता मालवणच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. लग्न केलं नाही. अर्धांगवायूने डावं अंग गेलेल्या वडिलांना, विश्रामना, पेज भरवता भरवता तिने सांगितलं, "लॉप म्हणजे लोंबणं. शब्द मूळचा जहाजांचा. एका बाजूला जड होऊन कललेलं जहाज ते लॉपसायडेड."

"मग काय करायचे त्या जहाजाचं?"

"माल दुसऱ्या बाजूला हलवायचे."

बोलली, आणि चमचा हातातच राहिला. वर्गात हा शब्द तिने कितीदा शिकवला होता, पण आज तो तिला लागला. ती पार थकली होती. शाळा, औषधं, रात्रीची जागरणं तिच्याकडे, भावाचा आपला फोन, "बाबा बरे आसत मां?"

"धनेश," ती म्हणाली, "गणपती झाले काय बाबांका तुझ्याकडे व्हर. दिवाळीपर्यंत तरी. माका आता झेपणा नाय."

उत्तर विश्रामनीच दिलं. "माका मुंबयत करमाचा नाय. हय अस्मिता आसा मां."

"बघ, बाबांकाच नको आसा," धनेश म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

अस्मिताला रडू आलं. वडिलांचा राग आला आणि मायाही आली. थोड्या वेळाने त्यांनी रोजच्यासारखी हाक मारली, "गो, माका बाथरुमाक व्हर."

"धनेश व्हरतलो."

धनेश गडबडून उठला. बापाला धरायचं कुठून, हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याने चांगला हात धरला, आणि विश्राम दुसऱ्या अंगावर कलंडू लागले. अस्मिता अर्धी उठली, आणि पुन्हा बसली.

"डाव्या बाजून धर," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "आणि सोडू नको."