दाराच्या फटीतला हात

आजीची तक्रार एकच होती: सुनेनं पोरांना पार भित्रं करून टाकलंय. परक्या मुलखात येऊन बूड टेकलं नाही तोच बाईनं घराचा तुरुंग केला. खिडकीत उभं राहू नका, जिन्यात मोठ्यानं बोलू नका, बेल वाजली तर हलू नका, आणि रडायचं तर तोंडावर उशी घेऊन रडा. पाच वर्षांची ठकू तिकडे असताना सगळ्या आळीला हाका मारत फिरायची. इथं शाळेत तिनं तोंड मिटून घेतलं ते घेतलंच, वर अंथरूण ओलं करायला लागली.

"आई, तिला कशाला बोल लावतेस?" मुलगा म्हणायचा. तो गोदामात पाळीवर जायचा आणि घरी यायचा तो झोपायलाच. "पगार वेळेवर येतोय. नळाला गरम पाणी आहे. धाकट्या गोट्याचा खोकला इथं आल्यापासून पळाला. आणखी काय पाहिजे तुला?"

"बोलायला माणूस," आजी म्हणायची. "तुझ्या नळाशी किती वेळ बोलू?"

सून दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी घड्या करायला जायची. तिथं कुणीतरी तिच्या कानात भरवलं, की या देशात पोरं एकटी राहिली किंवा फार रडली की शेजारी फोन करतात, मग सरकारची माणसं येतात आणि पोरं घेऊन जातात. कुणाची नेली, कधी नेली, हे सांगणारीलाही धड माहीत नव्हतं. पण सुनेनं ते मनात धरलं ते धरलंच. त्या दिवसापासून तिनं ठकूला रोज एकच धडा दिला. घरच्यांकडे किल्ली असते. किल्ली नाही त्याला दार उघडायचं नाही. आवाज ओळखीचा वाटला तरी नाही, आवाज कुणीही काढतं.

आजीसाठीही एक किल्ली होती, गोफात ओवलेली. सुनेनं ती भीतभीत पुढे केली तेव्हा आजी म्हणाली, "गळ्यात बांधायला मी काय म्हैस आहे? हरवेन म्हणून भीती वाटते का?" किल्ली दाराच्या आतल्या खिळ्याला लटकली ती तिथंच राहिली.

त्या दुपारी शाळेला सुट्टी होती. मुलगा आणि सून दोघंही कामावर. आजीनं दूध तापत ठेवलं आणि तेवढ्यात पायपुसणं झटकून यावं म्हणून बाहेर गेली. गोट्या नुकता रांगायला लागलेला, पाठोपाठ जिन्यात येईल, म्हणून तिनं दार ओढून घेतलं. आयुष्यभर तिनं दारं अशीच ओढून घेतली होती. ओढलेलं दार ढकललं की उघडतं, यात शिकण्यासारखं काय आहे?

खट्‌ असा आवाज झाला. इथली दारं आपली आपण लागतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. तिनं ऐकून सोडून दिलं होतं.

तिनं दोनदा ढकलून पाहिलं, दार हललं नाही. दूध चुलीवर, पोरं आत, आणि आपण बाहेर.

"ठकू, दार उघड गं."

आत पावलं वाजली आणि थांबली. दारात गुडघ्याच्या उंचीवर पत्रं टाकायची फट होती. आजी खाली बसली आणि झाकण वर करून पाहू लागली. समोर ठकूचे लाल मोजे दिसत होते.

"घरच्यांकडे किल्ली असते," ठकू कुजबुजली.

"माझी तिथंच आहे बघ, खिळ्याला."

"ती आजीची आहे."

"मग मी कोण?"

मोजे एक पाऊल मागे सरकले. "तू आजीचा आवाज काढतेस."

 जन्मात आजीला कुणी 'तू ती नाहीसच' असं म्हटलं नव्हतं. नवरा गेल्यावर पिठाची गिरणी चालवताना तिनं भल्याभल्यांना गप्प केलं होतं, आणि इथं एवढ्याशा पोरीपुढे तिला स्वतःची ओळख पटवता येईना. मग सवयीनं जीभ सुटलीच.

"उघडतेस मुकाट्यानं, का आत येऊन दाखवू?"

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. चोरानंसुद्धा हेच म्हटलं असतं. मोजे दिसेनासे झाले.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. दुधाशेजारी तिनं हात पुसायचं फडकं ठेवलं होतं, ते आठवलं. फटीतून गोट्या दिसला, जमिनीवर हात आपटत, खुशीत, सैपाकघराच्या दिशेनं निघालेला. मग छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. गोट्या दचकून बसला आणि त्यानं भोकाड पसरलं. कुठल्यातरी कोपऱ्यातून ठकूचं मुसमुसणं येऊ लागलं.

आणि समोरचं दार उघडलं. तिथं एक उंच, वाकलेला माणूस राहायचा. घरात सगळे त्याला उंट म्हणायचे, पण आजवर कुणी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. उंट उंबऱ्यात उभा होता. त्याच्या हातात फोन होता.

सून रोज रात्री ज्याला घाबरून जागी राहायची ते सगळं आता या जिन्यात उभं होतं. आजीला त्याच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. तिनं डावा पंजा त्याच्याकडे उगारून धरला, थांब बाबा म्हणून, आणि उजवा हात फटीत घातला.

झाकणाची स्प्रिंग मनगटात रुतली. हात कोपरापर्यंत आत गेला. त्या हाताची करंगळी गिरणीच्या पट्ट्यात सापडून कायमची वाकडी झाली होती. रोज झोपताना ठकूला तीच लागायची. ती मुठीत धरल्याशिवाय पोरीचा डोळा लागत नसे.

"मी आता काहीच बोलत नाही," आजी फटीशी तोंड नेऊन म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "आवाज सोडून दे. नुसता हात बघ."

यंत्र किंचाळत राहिलं. मागे उंट काहीतरी बोलला. आजीनं वळून पाहिलं नाही. तो आत्ता फोनवर बोलत असेल, माणसं निघाली असतील, आपण घरात पोचायच्या आधी ती पोचतील. हात मात्र तिनं हलवला नाही.

मग ओली, गार बोटं तिच्या करंगळीला लागली. एकदा चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि मूठ आवळली गेली. मूठ सुटली तेव्हा आजीला वाटलं सगळं संपलं. पण आत स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि दार उघडलं.

ती धावली. गोट्याला काखेत मारला, चूल बंद केली, कडेनं जळत आलेलं फडकं मोरीत फेकून नळ सोडला. उंट न विचारता आत आला. त्यानं झाडूच्या दांड्यानं यंत्र गप्प केलं, खिडकी उघडली, पोरांकडे पाहिलं, लांबलचक काहीतरी बोलला आणि निघून गेला. रागावला की धीर दिला, तेही आजीला कळलं नाही. नंतर जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की ती दोन्ही पोरांना जवळ ओढायची, आणि तोंडानं एकच पालुपद, "रडू नका रे, रडू नका." हे सुनेचे शब्द आहेत हे ध्यानात आलं तेव्हा ती गप्प बसली.

संध्याकाळी सुनेनं किल्लीनं दार उघडलं. तिनं वास घेतला, काळं भांडं पाहिलं, सासूच्या गळ्यात लोंबणारी किल्ली पाहिली. आजीनं सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.

सून चपलांच्या ढिगावरच मटकन बसली. "तो काय म्हणाला, आई?"

"मला काय कळतंय? फोन हातात होता एवढं खरं."

जिन्यात बूट वाजले.  बूट दारापाशी रेंगाळल्यासारखे झाले, मग वरच्या मजल्याकडे गेले. सुनेनं डोळे पुसले आणि आता शिव्या बसणार अशी खाली मान घालून म्हणाली, "माझंच चुकलं. मीच पोरीच्या मनात नाही नाही ते भरवलं."

"तुझं काही चुकलं नाही," आजी म्हणाली. "पोरीला भ्यायला शिकवलंस ते पक्कं शिकवलंस, सख्ख्या आजीला बाहेर बसवलं तिनं. आता कुणाला भ्यायचं नाही तेही तितकंच पक्कं शिकव. आणि आधी स्वतः शिक. मला किल्ली देताना तुझे हात कापत होते, ते काय मला दिसलं नव्हतं?"