बुधरामचं वकीलपत्र

नागपूरच्या त्या बाई सफारीला आल्या त्या पुस्तक घेऊनच. समोर रानगवा उभा, तरी यांची मान खालीच. फेरी संपली, बाई गेल्या आणि पुस्तक मागच्या सीटवर राहून गेलं. गेटवरून फोन लावला तर म्हणाल्या, "ठेवून घ्या हो, माझं वाचून झालंय."

अशी ती जाडजूड कादंबरी चमेलीच्या हाती आली. चमेली नागझिरा अभयारण्यात गाइड. बारावी शिकलेली, पण शाळेच्या धड्यांपलीकडचं पुस्तक तिनं कधी पुरतं वाचलं नव्हतं. सकाळची फेरी संपली की दुपारची लागेपर्यंत गेटजवळच्या शेडमध्ये वेळ जाता जात नसे. म्हणून तिनं पहिलं पान उघडलं आणि अडकली ती अडकलीच. डबा उघडायचंही भान राहिलं नाही.

"काय वाचून रायली वं बाई एवढं?" बुधरामनं विचारलं. बुधराम जिप्सीचा ड्रायव्हर, तिच्याच गावचा, वयानं बराच मोठा. ती त्याला भाऊ म्हणायची.

"एका वकिलाची गोष्ट आहे, भाऊ. एका शेठवर आपल्या भागीदाराच्या खुनाचा आळ. शेठ निर्दोष आहे असं समजून वकील त्याले सोडवाले उभा राहते. अन् अर्धी केस झाल्यावर शेठच त्याले सांगते, मीच मारलं म्हणून."

बुधराम तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा चावायचा थांबला. "मंग?"

"मंग काय! अशीलाचं गुपित वकिलाले फोडता येत नाही. अन् जोरात लढला तर खून शेठच्या बिचाऱ्या चौकीदाराच्या अंगावर जाते."

त्या दिवसापासून बुधरामला रोजचा चाळा लागला. गाडी सावलीत लावली की आधी शेडमध्ये हजर. "आज काय केलं आपल्या वकिलानं?" वकील रात्र रात्र जागतो, बायकोशी तुटक बोलतो, चौकीदाराच्या म्हाताऱ्या आईसमोर मान वर करत नाही, हे ऐकून तो वैतागायचा.

"येवढा कायले कुढते तो? कोर्टात उभं राहाचं अन् सांगून द्याचं. वकिली गेली चुलीत!"

"असं कसं, भाऊ? मंग उद्या कोणी वकिलाले खरं सांगल का?"

"न सांगो! निर्दोष माणूस फासावर जाईल त्याचं काय?"

दोघांचा आवाज इतका चढायचा की तिकीट खिडकीतला भुपेंद्र डोकावून बघायचा.

मोहफुलं गळायचे दिवस होते. एका दुपारच्या फेरीला या दोघांच्या गाडीत गोंदियाचं एक कुटुंब बसलं. वाटेत डाव्या हाताला, बऱ्याच आत, मोहाखाली अस्वल फुलं वेचत होतं. पाठीवर पिल्लू.

"भैया, थोडा अंदर लो ना! कुछ दिख नहीं रहा," मागून गलका झाला.

"नाही, भाऊ. रस्ता सोडाचा नाही," चमेली म्हणाली.

पण बुधरामला त्या दिवशी काय झालं कोण जाणे. त्यानं गाडी नाल्याच्या कडेनं आत घातलीच. अस्वलानं मान उचलली, पिल्लू सावरलं आणि झाडीत दिसेनासं झालं. लगेच गाडी परत रस्त्यावर आली. कोणाला काही कळलं नाही, असं बुधरामला वाटलं.

दुसऱ्या दिवशी गस्तीवरच्या बीटगार्डला चाकांच्या खुणा दिसल्या. सगळ्या ड्रायव्हर-गाइडना रेंजर साहेबांचं बोलावणं आलं. त्या वाटेनं गेलेल्या गाड्यांत उदाराम नावाच्या ड्रायव्हरचीही गाडी होती, आणि उदाराम मागे एकदा असाच रस्ता सोडताना सापडलेला. साहजिकच सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. उदाराम पोरांची शपथ घेऊन सांगत होता, पण ऐकतं कोण!

बुधरामनं चमेलीला कडुनिंबाखाली गाठलं. "बाई, तू काही बोलू नको हं. गाइडनं आपल्या ड्रायव्हरचं सांगाचं नसते."

चमेलीनं कमरेवर हात ठेवले. "काल तर तुम्हीच म्हणून रायले होते, उभं राहून सांगून द्याचं म्हणून!"

"ते पुस्तकातलं होतं वं!"

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. बुधराम तिला कामाला लागल्यापासून सांभाळून घेणारा माणूस. जंगलातली निम्मी पाखरं त्यानंच तिला ओळखायला शिकवलेली. त्याच्यावर बोट कसं दाखवायचं? आणि तिकडे उदाराम घामाघूम होऊन उभा.

"भाऊ, मी तुमचं नाव घ्याची नाही," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही सोता सांगा. मंग तुमच्याकडून कशी बोलतो ते पाहा."

बुधरामनं खर्रा थुंकला, गमछानं तोंड पुसलं आणि सरळ आत रेंजर साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, गाडी माही होती," तो म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा उदारामवरून त्याच्याकडे वळल्या. चमेली पुढे झाली. "साहेब, इतक्या वर्षांत यांची ही पहिलीच चूक. गाडी लगेच मागं घेतली. अन् मी संगं होतो, मले थांबवता आलं नाही. मलेही शिक्षा द्या."

साहेबांनी खरंच दिली. बुधरामची गाडी पंधरा दिवस बंद, चमेलीच्या फेऱ्या आठवडाभर बंद.

"वा रे वकील!" बाहेर आल्यावर बुधराम म्हणाला. "अशील बी आत, वकील बी आत!" उदाराम मात्र दोघांना टपरीवर ओढत घेऊन गेला आणि चहाबरोबर भजी खाऊ घातल्याशिवाय त्यानं सोडलं नाही.

घरी बसून बुधरामला करमेना. त्यानं चमेलीकडून पुस्तक मागून नेलं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत तो वाचत राहिला आणि एका सकाळी पुस्तक घेऊन तणतणत तिच्या अंगणात आला.

"हा काय वकील होय? केसच सोडून देल्ली त्यानं! काही न सांगता! पळपुटा!"

चमेलीच्या हातातलं सूप थांबलं. "भाऊ! माहे शेवटचे दोन भाग वाचाचे होते!"

"आं? मंग सांगाचं नाही का अगुदर!"

तिनं पुस्तक हिसकावलं आणि तिथंच ओट्यावर वाचायला बसली. शेवट कळला होता, तरी एकही ओळ सोडली नाही. वकिलानं काळा कोट घडी करून ठेवला तिथं तर तिनं डोळेच पुसले. संध्याकाळी ती तरातरा बुधरामच्या घरी गेली.

"तो पळाला नाही, भाऊ. खोटंही बोलला नाही अन् गुपितही फोडलं नाही. दुसरं काय करन तो?"

"अन् चौकीदार? त्याचं कोण पाहीन?"

पुन्हा जुंपली. चुलीपाशी बुधरामची बायको रुख्मा भाताचं पाणी काढत होती. बराच वेळ तिनं ऐकून घेतलं. मग झाकणी आपटली.

"कोणाचा चौकीदार, कोणता वकील, मले काही मालूम नाही. भात निवून रायला. आधी जेवा, मंग भांडा."

दोघं पाटावर बसले. पहिला घास पोटात गेला न गेला तोच बुधराम म्हणाला, "पण बाई, त्या शेठले तरी..."