दुष्परिणामांची वही

माझ्या नैराश्याच्या गोळ्यांच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. उलगडला की टेबलभर होतो, आणि अक्षरं मुंगीएवढी. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग आईने पहिल्याच दिवशी ढापलं, एक डोळा मिटून अख्खा कागद वाचून काढला आणि एक वही घातली.

तोंडाला कोरड पडली, लिहिलं. मळमळलं, लिहिलं. गणिताच्या तासाला मी अकरा जांभया दिल्या हे तिला कुठून कळलं देव जाणे, पण तेही लिहिलं. आत्याने कागद वाचला तर त्यातली नऊ लक्षणं तिला स्वतःतच सापडली. ती गोळी घेत नाही.

दोन आठवड्यांत मळमळ गेली. वही मात्र भरतच राहिली. 'जेवताना हसते.' 'न विचारता नाटकात नाव दिलं.' 'आत्याला उलट बोलली.' मी एवढंच म्हटलं होतं, "माझ्या वजनाची काळजी तू करू नकोस, तुला तुझंच पुरेसं आहे."

"पोरगी हाताबाहेर चालली, वहिनी," आत्या म्हणाली. "बंद कर त्या गोळ्या. आधी कशी गरीब गाय होती."

गरीब गाय म्हणजे, मी वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडले होते ती. त्या भिंतीचा प्रत्येक पोपडा मला पाठ आहे.

आईने गोळ्या आपल्या कपाटात ठेवल्या. "डॉक्टरांना विचारेपर्यंत देते. मग बघू."

ते 'मग बघू' ऐकून त्या रात्री मी भिंतीकडे पाठ करून झोपले.

दवाखान्यात आईने वही पहिल्या पानापासून वाचली. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, झोप लागते का, बसल्या जागी तगमग होते का, डोक्यात विचार धावतात का.

"झोप लागते," मी म्हटलं. "गणिताच्या तासालाही."

मग त्या आईकडे वळल्या. "आजारी पडण्याआधी ही कशी होती?"

"आधी? आधी काय विचारता! वर्गात कुणाला बोलू देत नाही म्हणून बाईंनी हिला स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवलं, तर ही बाईंशीच..."

आईने वही मिटून पर्समध्ये घातली.

"गोळी चालू ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थांबवायची वेळ आली की मी सांगेन, तीही हळूहळू."

परतताना मी नाटकातला माझा भाग म्हणून दाखवला, हातवाऱ्यांसकट. तीन चौक आईने ऐकून घेतलं.

"गप्प बस गं जरा, कार्टे. डोकं उठवलंस."

वर्षभर माझ्या उशाशी बसून ती एकच म्हणायची, 'काहीतरी बोल गं.'

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.