कॉलरमागची चिठ्ठी

आमची लॉन्ड्री आहे, आणि आज मी गिऱ्हाइकाचा कोट घालून शाळेतल्या मित्राच्या पार्टीला गेलो. तिथे जो तो आपल्या फ्लॅटच्या आणि गाड्यांच्या बढाया मारत होता. मग मीही ठोकून दिलं, आपल्या तीन फॅक्टऱ्या आहेत म्हणून.

तेवढ्यात दारात बाबा दिसले. हातात रिकामा हँगर. कोटाचा मालक दुकानात येऊन बसला असणार! बाबा एक शब्द बोलले, तरी अब्रूचा पंचनामा होणार होता.

"कोण रे हे?" मित्राने विचारलं.

बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पुढे येऊन माझ्या कॉलरमागची लॉन्ड्रीच्या नंबराची चिठ्ठी काढली.

"माफ करा साहेब," ते मला म्हणाले, "इस्त्री करताना राहून गेली."

"दे की म्हाताऱ्याला चहापाण्याला काहीतरी," मित्र हसला.

आणि मी करंट्याने नोट काढून दिली. बाबांनी ती कपाळाला लावली.

आता कोट हातावर घेऊन मी आमच्या जिन्याखाली उभा आहे. बाबांनी दार उघडंच ठेवलंय, आणि मला वर जायची भीती वाटते.